छेदातला माणूस

पावसाळ्यात वर्तमानपत्रांत रोज धरणांचे आकडे येतात: पातळी, आवक, विसर्ग. कोयनेची पातळी उतरली एवढेच वाचून कोणी जाणता शेतकरी निष्कर्ष काढत नाही. दरवाजे उघडले म्हणून ती उतरली, की वरून येणारे पाणीच आटले, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. डायलिसिसवरच्या माणसाच्या रक्तातील युरियाकडे मात्र आपण केवळ पातळी म्हणून पाहतो. रिपोर्ट हातात येतो, मागच्या महिन्यापेक्षा युरिया कमी दिसतो आणि घरात समाधानाचा सुस्कारा सोडला जातो. तो युरिया यंत्राने जास्त काढला म्हणून कमी झाला, की माणसाचे जेवणच तुटले म्हणून मुळात कमी तयार झाला, हा प्रश्न फार थोड्या ठिकाणी विचारला जातो. हा प्रश्न विचारण्याचे गणित ५० वर्षांपूर्वीच तयार झाले आहे. आपण त्या गणिताचा अर्धा भाग उचलला आणि अर्धा विसरलो. त्या विसरण्याची सर्वाधिक किंमत लहान चणीची, कमी खाणारी आणि गरीब माणसे मोजतात, असे माझे म्हणणे आहे.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. आपण खाल्लेल्या प्रथिनांतील नायट्रोजनचा उरलेला भाग यकृत युरियाच्या रूपात रक्तात सोडते आणि मूत्रपिंडे तो लघवीवाटे बाहेर टाकतात. निरोगी मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे १०० मिलिलिटर रक्तद्रव गाळतात, तेही आठवड्याचे १६८ तास अखंड. म्हणजे आठवड्याला साधारण हजार लिटर. डायलिसिसचे यंत्र मिनिटाला २०० मिलिलिटर रक्तातून युरिया पूर्ण काढते असे धरले, तरी चार तासांची तीन सत्रे मिळून १४४ लिटर होतात. दोनच सत्रे झाली तर ९६. शिवाय हे लिटर मूत्रपिंडाच्या लिटरांइतके मोलाचे नसतात. यंत्र सुरू होताच पहिल्या तासात भरपूर युरिया निघतो, मग रक्तातली पातळी घसरते आणि तेवढ्याच लिटरांतून कमी कमी युरिया हाती लागतो. सत्र संपल्यावर अर्ध्या-एक तासात पेशींमध्ये अडकलेला युरिया रक्तात परत येतो आणि पातळी पुन्हा थोडी वर सरकते. डायलिसिस जीव वाचवते, यात शंका नाही. पण ते निरोगी मूत्रपिंडाच्या कामाचा एक लहानसा अंश करते. म्हणूनच तो अंश किती असावा, हा प्रश्न जीवनमरणाचा होतो.

हा प्रश्न सुरुवातीला कोणाला पडलाच नव्हता. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समधील काम्पेन या गावी, जर्मन अंमलाखाली, सेलोफेनची नळी गुंडाळलेला फिरता ड्रम वापरून कृत्रिम मूत्रपिंड चालवले. १९४५ मध्ये त्यांच्या यंत्रामुळे ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धीतून शुद्धीवर आली. तेव्हा उद्देश एकच होता: काही दिवस निभावून न्यायचे, तोवर मूत्रपिंडे पुन्हा सुरू होतील. १९६० मध्ये सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनच्या नळीने रक्तवाहिन्यांशी कायमची जोडणी केली आणि मूत्रपिंडे कायमची निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षे जगू लागला. त्याबरोबर नवा प्रश्न उभा राहिला. किती तास? आठवड्यातून किती वेळा? उत्तर अनुभवाने, अंदाजाने आणि खर्चाच्या ताणातून दिले जात होते.

१९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी या अंदाजाला गणिताचा आधार दिला. त्यांचे मूळ विधान शाळकरी मुलालाही समजेल इतके सरळ आहे: शरीरातील युरियाच्या साठ्यात होणारा बदल म्हणजे निर्मिती वजा निचरा. निचरा दोन वाटांनी होतो, यंत्रातून आणि रुग्णाची मूत्रपिंडे थोडीफार चालत असतील तर त्यांच्यातून. साठा ज्या पाण्यात पसरलेला असतो ते शरीरातले एकूण पाणी. सत्राआधीचा, सत्रानंतरचा आणि पुढच्या सत्राआधीचा असे रक्ताचे तीन नमुने घेतले, वजनाची नोंद ठेवली, की या समीकरणातून दोन गोष्टी हाती येतात: यंत्राने किती काढले आणि शरीराने किती तयार केले.

याच पायावर अमेरिकेत १९७६ ते १९८१ या काळात राष्ट्रीय सहकारी डायलिसिस अभ्यास झाला. रुग्णांचे चार गट केले गेले. युरियाची सरासरी पातळी कमी की जास्त आणि सत्र लांब की आखूड, या दोन कसोट्यांवर. युरिया जास्त ठेवलेल्या गटांतले रुग्ण अधिक आजारी पडले, हे स्पष्ट दिसले. वेळेचा परिणामही दिसला, पण संख्याशास्त्राच्या रूढ रेषेच्या अगदी अलीकडे थांबला. संभाव्यता ०.०५ च्या आत यायला हवी होती, ती ०.०६ आली. या विश्लेषणातून १९८५ मध्ये गॉच आणि सार्जंट यांनी जे गुणोत्तर मांडले, ते आज जगभर वापरले जाते. डॉक्टर आणि टेक्निशियन त्याला ‘केटी बाय व्ही’ म्हणतात. अंशात यंत्राच्या निचऱ्याचा वेग गुणिले वेळ, छेदात रुग्णाच्या शरीरातले पाणी. आठवड्यात तीन सत्रे असतील तर प्रत्येक सत्राला हे गुणोत्तर किमान १.२ असावे आणि उद्दिष्ट १.४ ठेवावे, असे अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

या गुणोत्तराचे ऋण मान्य केले पाहिजे. त्याच्याआधी डायलिसिस ‘झाले’ की ‘झाले नाही’ एवढेच बोलता येत असे. आता ते पुरेसे झाले की नाही हे विचारता येऊ लागले. फिस्टुलातून, म्हणजे हातातल्या रक्तवाहिन्यांच्या जोडणीतून, रक्त नीट येत नसेल, रक्त गाळणारा डायलायझर पुन्हा पुन्हा वापरून निकामी होत आला असेल, यंत्रातला पंप दाखवतो तितका प्रवाह प्रत्यक्षात नसेल, तर हे गुणोत्तर घसरते आणि कोणाला तरी जाब विचारता येतो. रुग्णाच्या बाजूने उभा राहणारा आकडा म्हणून त्याचा जन्म झाला. माझा आक्षेप त्या आकड्याला नाही. तो आकडा एकटाच उरला, याला आहे.

पहिली अडचण छेदात आहे. एक उदाहरण करून पाहू. १७० सेंटिमीटर उंचीचा, ७० किलोचा ५० वर्षांचा पुरुष. वॉटसन यांच्या १९८० च्या सूत्रानुसार त्याच्या शरीरात सुमारे ३९.५ लिटर पाणी असते. १५० सेंटिमीटर उंचीची, ४० किलोची स्त्री घ्या. तिच्या शरीरातले पाणी सुमारे २३.८ लिटर. दोघांना मिनिटाला २०० मिलिलिटर निचरा देणारे तेच यंत्र लावले, तर १.२ गाठायला पुरुषाला जवळजवळ चार तास लागतात. स्त्रीला सुमारे दोन तास तेवीस मिनिटे. कागदावर तिचे डायलिसिस अडीच तासांच्या आत ‘पुरेसे’ झाले.

आता तिचे वजन ३५ किलोवर आले असे समजा. ती आजारी आहे, तिला जेवण जात नाही, दंडाचे मांस झडले आहे. छेदातले पाणी २२.६ लिटरवर आले. तेवढ्याच वेळात तिचे गुणोत्तर १.२ वरून सुमारे १.२७ झाले. स्त्री खंगली आणि आकडा सुधारला. समीकरणात चूक कोठेही नाही. पण माणसाला छेदात ठेवल्यावर माणूस जितका आटेल तितके गुणोत्तर वाढते, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे. मेंदू, यकृत, आतडी यांचे काम शरीरातल्या पाण्याच्या प्रमाणात घटत नाही. त्यामुळे लहान चणीच्या माणसाला आणि विशेषतः स्त्रीला पाण्याच्या हिशेबाने ठरवलेला डोस तोकडा पडू शकतो, असा इशारा अनेक अभ्यासकांनी दिला आहे. अमेरिकेतील हिमो या मोठ्या चाचणीत १,८४६ रुग्ण होते. २००२ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांत जास्त डोसचा एकंदर मृत्युदरावर ठळक फायदा दिसला नाही. स्त्रियांच्या गटात मात्र जास्त डोस मिळालेल्यांत मृत्यूचा धोका १९ टक्के कमी आढळला. उपगटातला निष्कर्ष जपूनच वापरावा लागतो. तरीही आपल्याकडच्या चाळीस-पंचेचाळीस किलोच्या बायकांना तीन तासांच्या आत यंत्रावरून उतरवताना तो आठवायला हवा.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते, कारण तिचा उपाय स्वस्त आहे आणि तरीही आपण तो करत नाही. समीकरणाचा पहिला शब्द ‘निर्मिती’ होता. तो प्रत्यक्ष व्यवहारातून जवळजवळ गळून पडला आहे. पुन्हा त्याच ४० किलोच्या स्त्रीकडे येऊ. सत्र संपताना तिचा युरिया दर डेसिलिटरला ४० मिलिग्रॅम आहे आणि ४४ तासांनंतर पुढच्या सत्राआधी तो १२० झाला. मधल्या काळातली पाण्याची वाढ बाजूला ठेवली, तर सुमारे २४ लिटर पाण्यात १९ ग्रॅम युरिया नव्याने तयार झाला. त्यातल्या नायट्रोजनवरून उलटा हिशेब केला, की ती दिवसाला सुमारे ३९ ग्रॅम प्रथिने वापरते आहे असे निघते. किलोला जवळजवळ एक ग्रॅम. डायलिसिसवरच्या माणसासाठी हे सांगितलेल्या प्रमाणाच्या काठावर बसते. आता तीच स्त्री पुढच्या महिन्यात येते आणि सत्राआधीचा युरिया ८० निघतो. सत्रानंतरचा तोच ४०. घरचे खूष. हिशेब सांगतो, की ती आता दिवसाला जेमतेम २३ ग्रॅम प्रथिने खाते आहे. १२० च्या रिपोर्टमध्ये जेवणारी बाई होती. ८० च्या रिपोर्टमध्ये उपाशी बाई आहे.

हे केवळ कागदी गणित नाही. १९९० मध्ये एडमंड लॉरी आणि नॅन्सी ल्यू यांनी १२ हजारांहून अधिक डायलिसिस रुग्णांच्या साध्या रक्ततपासण्या पडताळल्या. ज्यांचे अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी आणि ज्यांचे क्रिएटिनिनही कमी, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त होते. क्रिएटिनिन स्नायूंमधून येते. डायलिसिस सुरू होण्याआधी क्रिएटिनिन वाढणे ही भीतीची खूण असते. डायलिसिस सुरू झाल्यावर तेच क्रिएटिनिन आपोआप उतरू लागले, तर ती अनेकदा स्नायू झडत असल्याची खूण असते. एकच आकडा आजाराच्या दोन टप्प्यांत उलट अर्थ सांगतो.

आपल्या घरांमध्ये हा उलटा अर्थ पोहोचलेला नाही. मूत्रपिंडाचा विकार कळतो, तेव्हा डॉक्टर प्रथिने कमी करायला सांगतात, आणि त्या टप्प्यावर ते योग्यच असते. घरातली बाई डाळ बंद करते, कडधान्ये बंद करते, अंडी-मासे बंद करते. दोन-चार वर्षांनी डायलिसिस सुरू होते. आता किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, कारण प्रत्येक सत्रात ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले यंत्रातून वाहून जातात. पण स्वयंपाकघरातला जुना नियम तसाच चालू राहतो. त्याला बळ देतो तो रिपोर्ट. डाळ खाल्ली की युरिया वाढतो, डाळ सोडली की उतरतो. निर्मिती आणि निचरा यांतला फरक कोणी समजावला नाही, तर प्रेमाने सांभाळणारे घरच माणसाला हळूहळू उपाशी ठेवते. यात त्या घराचा दोष नाही. त्यांच्या हाती आपण एकच आकडा दिला होता आणि तो कमी ठेवा असे सांगितले होते.

निर्मितीच्या आकड्यालाही मर्यादा आहे. ताप, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया यांत शरीर स्वतःचे स्नायू जाळते आणि त्यातूनही युरिया बनतो. तेव्हा वाढलेली निर्मिती जेवणाची नसून झिजेची असते. म्हणून तो आकडा वजन, भूक, अल्ब्युमिन आणि रुग्णाशी झालेले बोलणे यांच्यासोबतच वाचायचा असतो. कोणताही चांगला आकडा संभाषण सुरू करतो. तो संभाषण संपवू लागला, की समजावे की त्याचा गैरवापर होतो आहे.

तिसरी गोष्ट युरियाच्या स्वतःच्या योग्यतेची. युरिया मोजायला सोपा, लहान रेणू, रेणुभार ६०, यंत्रातून झपाट्याने निघणारा. त्याला निवडले ते या सोयीसाठी. तो स्वतः फारसा विषारी नाही. डायलिसिसच्या द्रवात मुद्दाम युरिया मिसळून रक्तातली पातळी चढी ठेवण्याचे प्रयोग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झाले आणि पातळी बरीच वर गेल्यावरच त्रास जाणवला. खरा उपद्रव देणारे पदार्थ वेगळ्या चालीचे आहेत. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचा रेणुभार ११,८०० आहे. वर्षानुवर्षे डायलिसिसवर असणाऱ्यांच्या सांध्यांत आणि मनगटात तो साचतो, हे १९८५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. इंडॉक्सिल सल्फेट आतड्यातल्या जीवाणूंच्या कामातून तयार होते आणि रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसते, त्यामुळे यंत्राच्या पडद्यातून ते सहज निघत नाही. फॉस्फेट सुरुवातीला उतरते, मग पेशींमधून आणि हाडांतून रक्तात येत राहते. ते काढायचे तर तास वाढवावे लागतात. युरियाचे गुणोत्तर १.४ असताना हे सारे पदार्थ शरीरात मुक्कामाला असू शकतात.

म्हणूनच स्क्रिबनर यांनी आयुष्याच्या अखेरीस, दिमित्रिओस ओरिओपुलोस यांच्याबरोबर, २००२ मध्ये एक वेगळे माप सुचवले: एका सत्राचे तास गुणिले आठवड्यातल्या सत्रांच्या संख्येचा वर्ग. चार तासांची दोन सत्रे म्हणजे १६. चार तासांची तीन सत्रे म्हणजे ३६. त्यांच्या मते समाधानकारक डायलिसिससाठी हे माप ७० च्या वर हवे. हे माप ढोबळ आहे. पण त्यात रुग्णाचे शरीर छेदात नाही आणि वेळ व वारंवारता या दोन गोष्टी उघड्यावर मांडलेल्या आहेत. फ्रान्समधील तासँ येथे आठ तासांचे सत्र देऊन रक्तदाब बहुतेकांत औषधाविना आटोक्यात ठेवला गेला. उत्तर अमेरिकेतील २०१० च्या चाचणीत आठवड्यातून सहा वेळा डायलिसिस दिल्यावर हृदयाच्या स्नायूचे वस्तुमान कमी झाले. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या युरोपातील कन्व्हिन्स चाचणीत मोठे रेणू अधिक काढणारी हिमोडायाफिल्ट्रेशन पद्धत वापरली. १,३६० रुग्णांत तिच्या गटातले मृत्यू १७.३ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीत २१.९ टक्के होते. या साऱ्यांचा रोख एकाच दिशेला आहे: युरियाचा आकडा गाठला म्हणजे काम झाले असे नाही.

आता आपल्याकडे. भारतात आठवड्यातून दोनदा डायलिसिस ही सर्रास रीत आहे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस मिळते. ज्यांना पूर्वी घर विकावे लागत होते, त्यांना आज यंत्र मिळते. हे फार मोठे काम आहे. परंतु या व्यवस्थेचे एकक ‘सत्र’ आहे. किती सत्रे झाली हे मोजले जाते आणि त्यावर पैसे दिले जातात. ते सत्र अडीच तासांचे होते की चार तासांचे, त्यातून काय निघाले, माणूस जेवतो आहे का, हे विचारणे त्या पैशांशी जोडलेले नसते. ज्याचे एकक मोजले जाते, तेच वाढते.

यावर डायलिसिस युनिट चालवणारे जे सांगतात ते खोटे नाही. यंत्रे कमी आहेत, पाळ्या तीन-चार लागतात, एका पाळीचा तास वाढवला तर शेवटच्या पाळीतला माणूस घरी जातो कधी? तालुक्याच्या गावाहून एसटीने आलेला रुग्ण स्वतःच लवकर सोडा म्हणतो, पायात गोळे आले की हात जोडतो. सगळ्यांना तीन सत्रे आणि पाच तास द्या, ही मागणी आज पुरी होणार नाही, हे मीही मानतो. म्हणूनच निर्मिती आणि निचरा यांचे गणित गरीब व्यवस्थेला अधिक उपयोगी आहे. श्रीमंत व्यवस्था सर्वांना सरसकट जास्त देऊ शकते. ज्यांच्याकडे थोडे आहे, त्यांनी कोणाला जास्त लागते हे ओळखलेच पाहिजे.

दोन सत्रांचाच प्रश्न घ्या. ज्याची लघवी अजून टिकून आहे, ज्याची मूत्रपिंडे मिनिटाला तीन मिलिलिटरही काम करतात, त्याला आठवड्याला ३० लिटरचा निचरा फुकट मिळतो, तोही अखंड. तीच मूत्रपिंडे अल्ब्युमिनला चिकटलेले पदार्थही थोडे बाहेर टाकतात. त्याला दोन सत्रे काही काळ पुरू शकतात. ज्याची लघवी पूर्ण थांबली, त्याला दोन सत्रांत आठवड्याचा किमान डोस गाठणे अशक्यप्राय आहे. हे दोघे वेगळे ओळखायला लागते ते दोन सत्रांमधली लघवी जमा करणारे एक प्लास्टिकचे भांडे आणि एक साधी तपासणी. आज मात्र दोन की तीन, हे बहुधा खिसा, अंतर आणि यंत्राची उपलब्धता ठरवते. तिसरे सत्र मर्यादित असेल, तर ते लघवी थांबलेल्याला आधी मिळाले पाहिजे, हा न्याय मोजल्याशिवाय करता येत नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. महिन्यातून एकदा सत्राआधीचा आणि सत्रानंतरचा नमुना घ्यावा. नंतरचा घेताना रक्ताचा पंप मंद करावा, नाहीतर नुकतेच गाळलेले रक्त नमुन्यात मिसळून खोटा चांगला आकडा येतो. पुढच्या सत्राआधीचा तिसरा नमुना जोडला, की निर्मितीही कळते. त्यासाठी लागणारा हिशेब कोणत्याही साध्या मोबाइलवर होतो. रुग्णाच्या फाइलमध्ये गुणोत्तराशेजारी आणखी तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात: यंत्रावर प्रत्यक्ष गेलेले तास, हिशेबाने निघालेली रोजची प्रथिने आणि चोवीस तासांची लघवी. गुणोत्तर कितीही चांगले आले, तरी लहान चणीच्या रुग्णाचा वेळ एका ठरलेल्या किमान मर्यादेखाली जाऊ नये. प्रथिनांचा आकडा घसरला, तर पुढचा सल्ला डाळ सोडण्याचा नसून खाण्याचा असावा, आणि तो स्वयंपाक करणाऱ्या माणसापर्यंत मराठीत पोहोचावा. सरकारी योजनेने सत्रांच्या संख्येबरोबर या नोंदी मागाव्यात आणि त्या भरणाऱ्या केंद्रांना त्याचा मोबदला द्यावा. नुसती सत्रे मोजणारा पैसा आखूड सत्रांना उत्तेजन देतो. तास आणि पोषण मोजणारा पैसा पुरेशा उपचाराला उत्तेजन देईल.

गॉच आणि सार्जंट यांच्या समीकरणात माणूस दोन ठिकाणी आहे. छेदात तो पाणी म्हणून आहे आणि निर्मितीत तो जेवणारा, झिजणारा, सावरणारा जीव म्हणून आहे. आपण त्याला फक्त पहिल्या जागी पाहिले, म्हणून तो आटत असतानाही आपल्याला प्रगती दिसत राहिली. दुसऱ्या जागी पाहायला नवे यंत्र लागत नाही, परदेशी तंत्र लागत नाही, फार पैसाही लागत नाही. लागते ती एवढीच सक्ती, की पातळी उतरली असे सांगणाऱ्या प्रत्येकाने ती कशामुळे उतरली हेही सांगितले पाहिजे.